कॅरॅव्हॅन आल्या, पण प्लग कुठंय?

गेल्या दोन-तीन सीझनपासून आपल्या किनाऱ्यावर, मुरुड-कर्दे-लाडघरपासून खाली गुहागरपर्यंत, चालती-फिरती घरं दिसायला लागली आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर छोटी बस आतून बदलून केलेली. दोन-चार झोपायच्या जागा, छोटा संडास, एक ओटा, टपावर एसी. पुण्या-मुंबईची माणसं भाड्याने घेऊन येतात, काहींच्या स्वतःच्याही आहेत. गावातली पोरं बाजूला उभं राहून फोटो काढतात. चांगलं आहे, येऊ देत. पण त्या गाडीतल्या ओट्यावर नेमकं काय चालतं, याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा. विषय जिवाचा आहे.

मी लायसन्सवाला वायरमन. वीसेक वर्षं याच पट्ट्यात घरं, लॉज, मंगल कार्यालयं यांची वायरिंग करतोय. तेव्हा जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाडीत झोपणारा माणूस गाडीत चहा करणारच. सोबत लहान मूल असेल तर मऊ भात लावणारच. तो स्वयंपाक विजेवर झालेला सगळ्यात बरा. पण त्यासाठी गाडी जिथे मुक्काम करते तिथे धड अर्थिंग असलेला, स्वतंत्र सुरक्षा असलेला १६ अँपिअरचा प्लग पाहिजे. तो आपल्याकडे जवळपास कुठेच नाही. आणि तो देणं हे पाहुण्यांचं काम नाही, आपलं आहे.

राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या थांबायला पार्क, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह अशी त्यात कल्पना आहे. कागद चांगला आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे गाडी थांबते ती सुरूच्या बनात, कुणाच्या वाडीत, नाहीतर रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये. मग आतला स्वयंपाक तीनपैकी एका मार्गाने होतो.

पहिला मार्ग गॅस. सीटखाली ५ किलोचा सिलिंडर, वर शेगडी. आपल्या घरातही गॅसच आहे, मग बिघडलं कुठे, असं वाटेल. फरक जागेचा आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली जमिनीलगत साठतो. घरात दार उघडं, मोरीचं भोक, खिडकी, असं काहीतरी असतं. गाडीत एसीसाठी सगळ्या फटी बुजवलेल्या. झोपायची जागा शेगडीपासून तीन फुटांवर. आणि बाहेर पडायला दार एकच, तेही बऱ्याचदा शेगडीच्या बाजूलाच. ज्या देशांत कॅरॅव्हॅन जुन्या आहेत तिथे सिलिंडरसाठी वेगळा बंद कप्पा असतो आणि गळलेला गॅस खाली रस्त्यावर निघून जावा म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. तसं केलेलं असेल तर गॅसला माझा विरोध नाही. सीटखाली सुटा ठेवलेल्या सिलिंडरला आहे.

२६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची घटना आठवा. यात्रेला निघालेल्या प्रवाशांचा रेल्वेचा खासगी डबा यार्डात उभा होता. नियम मोडून आत सिलिंडर नेलेला होता. पहाटे चहासाठी पेटवला आणि डब्याने पेट घेतला. ९ माणसं गेली. उभ्या डब्यात, स्टेशनच्या आवारात. धावत्या गाडीत नव्हे. आपण म्हणतो, गाडी उभी असताना पेटवायला काय हरकत आहे? हीच हरकत आहे.

दुसरा मार्ग जनरेटर. प्लग मिळत नाही म्हणून पाहुणे छोटा पेट्रोल जनरेटर सोबत आणतात. त्यावर केटल चालते, एसीही चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. तपासात कारण निघालं जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपेत माणसाला कळतही नाही. केरळने कॅरॅव्हॅन पर्यटनाचा आपल्यापेक्षा जास्त गाजावाजा केला, तिथे हे झालं. आपल्याकडे व्हायची वाट बघायची का?

तिसरा मार्ग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. 'दादा, जरा लाईट घेऊ का?' समोरच्या टपरीतून किंवा रिसॉर्टच्या व्हरांड्यातून एक्स्टेंशन ओढायची. लोकांना वाटतं, वीजच आहे ना, मग हा मार्ग सुरक्षित. मला तिन्हींत याचीच जास्त भीती वाटते, कारण यातला धोका डोळ्यांना दिसत नाही.

कॅरॅव्हॅनची बॉडी पत्र्याची, आणि ती उभी असते रबराच्या टायरवर. म्हणजे गाडीला स्वतःचं अर्थिंग नसतं. आत शेगडीची किंवा केटलची वायर कुठे घासून पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनीत जायला एकच वाट असते : प्लगची तिसरी, जाड पिन. एक्स्टेंशन दोन पिनची असेल, किंवा तीन पिनची असून टपरीत अर्थिंगच नसेल, तर ती वाट बंद. मग सगळी गाडी करंट घेऊन उभी राहते. फ्यूज उडत नाही, दिवा मिणमिणत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. समुद्रावरून ओल्या अंगाने, अनवाणी पायाने येणारं पोर दाराची मूठ धरतं, तेव्हा कळतं.

एका रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये मला असंच बोलावलं होतं. 'गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात' अशी तक्रार. टेस्टर लावला तर बॉडी पेटली. अर्थची वायर बोर्डाच्या मागे नुसती लोंबकळत होती, कशालाच जोडलेली नाही. आतली केटल चालू होती आणि दोन बायका गाडीला टेकून गप्पा मारत होत्या. त्या दिवशी जमीन कोरडी होती आणि पायात रबरी चपला होत्या, म्हणून निभावलं. त्या रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्या ठिकाणी जाऊन बघाल तर चित्र वेगळं दिसणार नाही. त्यात आपली जमीन जांभ्याची. कातळावर अर्थिंग सहज मिळत नाही, उन्हाळ्यात तर पिट कोरडा पडतो. नेमका तोच सीझन.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीतलं आहे. आपल्याकडे व्होल्टेज २३०. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात. इंडक्शनची शेगडी फुल्ल ठेवली की २००० वॅट, म्हणजे साधारण ९ अँपिअर. केटल १५०० वॅट, साडेसहा अँपिअर. छोटा राइस कुकर ७०० वॅट, ३ अँपिअर. मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलेलं असतं, पण ते अन्नाला मिळणारं. भिंतीतून तो बाराशेच्या आसपास ओढतो, म्हणजे ५ अँपिअर. एसी हजार-बाराशे वॅट, तोही ५ अँपिअर.

पंख्याच्या बोर्डावरचा छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा. त्यावर केटलसुद्धा जास्त होते, इंडक्शन तर सोडाच. बाजारात जी स्वस्त एक्स्टेंशन मिळते तिची वायर मोबाईल आणि टेबल फॅनच्या लायकीची. शेगडी लावली की ती आतून शिजते. त्यातून ती गुंडाळी करून ठेवलेली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लास्टिक वितळायला लागतं. वायर कधीही पूर्ण उलगडून वापरायची, ही साधी गोष्ट शिकली-सवरलेली माणसंही पाळत नाहीत.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वेच्या डब्यात केटल लावून मॅगी केल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. मध्य रेल्वेने कारवाईचा इशारा दिला, लोक त्या बाईंवर तुटून पडले. मला त्यात व्यक्तीपेक्षा समज महत्त्वाची वाटली. भिंतीत भोक दिसलं की कुठलीही पिन घालायची, ही आपली सगळ्यांची समज. पिन बसली म्हणजे वायर पेलेल असं नसतं. प्लगमागे किती जाडीची तार आहे, ती कुठून आली आहे आणि तिच्यावर आधीच किती बोजा आहे, यावर सगळं ठरतं.

१६ अँपिअरचा प्लग मिळाला, तर तुमच्या हातात ३६८० वॅट. एसी चालू ठेवून इंडक्शन लावता येतं. त्यात केटलही लावली की एमसीबी पडणार, आणि पडायलाच पाहिजे. म्हणून कॅरॅव्हॅनवाल्यांनी एकच नियम पाठ करावा : गरम करणारी वस्तू एका वेळी एक. आधी चहा, मग भात, मग भाजी. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या तळांवर साधारण १० किंवा १६ अँपिअरच मिळतात. तिथे लोक ७५०-१००० वॅटच्या कमी ताकदीच्या केटल सोबत ठेवतात. पाणी उकळायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, एवढंच. सुट्टीवर आलेल्या माणसाला दोन मिनिटांची कसली घाई?

'आमच्या गाडीत बॅटरी आहे, सोलर आहे, सगळं चालतं' असं भाड्याने देणारे सांगतात. दिवे, पंखा, मोबाईल, छोटा फ्रिज चालतो, खरं आहे. शेगडीचं तेवढं तपासून घ्या. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. उरलं ०.९ युनिट. १५०० वॅटवर शेगडी ४० मिनिटं चालली की १ युनिट जातं. म्हणजे एका वेळच्या वरण-भातात बॅटरी संपली, रात्री पंखाही नाही. शिवाय १२ व्होल्टमधून १५०० वॅट काढायचे तर सव्वाशे अँपिअर वाहतात. तेवढ्याला अंगठ्याएवढ्या केबल लागतात, बाजारातली बारीक वायर जळेल. टपावर ४०० वॅटचं पॅनल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला दीडेक युनिट मिळेल. आपण तर गाडी माडाच्या सावलीत लावतो. लिथियमची मोठी बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी, पण तशा गाड्या थोड्या, आणि त्यांनाही कुठेतरी चार्जिंगला प्लग लागतोच.

हे सगळं ऐकून गावातले लोक तीन प्रश्न विचारतात. तिन्ही रास्त आहेत.

पहिला खानावळवाल्या आमच्या ताई-वहिनींचा. 'गाडीतच शिजवायला लागले तर आमच्याकडे जेवणार कोण?' ताई, जो माणूस पुण्याहून समुद्रावर आलाय तो सुरमईची थाळी आणि सोलकढी सोडून गाडीत खिचडी खात बसत नाही. गाडीत होतो तो सकाळचा चहा, बाळाची पेज, आजोबांचं बिनमिठाचं. ही सोय असली तर असं कुटुंब दोन दिवसांच्या जागी तीन दिवस राहतं. भाजी, दूध, अंडी, मासळी गावातच घेतं. आणि एक गोष्ट विजेच्या शेगडीवर होत नाही : भाकरी. सपाट बुडाच्या लोखंडी तव्यावर ती भाजेल, पण फुगायला विस्तव लागतो. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची पातेलीही चालत नाहीत. तांदळाची गरम भाकरी खायला ते तुमच्याच दारात येणार.

दुसरा प्रश्न रिसॉर्टवाल्यांचा. 'बिल कोण भरणार?' गणित वरच झालंय. एका कुटुंबाचा दिवसभराचा चहा-स्वयंपाक दीड-दोन युनिटांत होतो. रात्रभराच्या एसीला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं, आणि एसीचे पैसे तुम्ही खोलीच्या भाड्यात घेताच. तसा मुक्कामाच्या आकारात विजेचा हिशेब धरा, आपल्या माहितीसाठी प्रत्येक पॉइंटला सबमीटर लावा. एक बाहेरचा पॉइंट, म्हणजे पावसात टिकणारी पेटी, १६ अँपिअरचं सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी, केबल आणि अर्थिंग, याला एका खोलीच्या एसीपेक्षा कमी खर्च येतो. मात्र घरगुती मीटरवरून हा धंदा करू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. महावितरणकडे रीतसर अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्या. नाहीतर संध्याकाळी चार गाड्यांच्या शेगड्या एकदम लागतील आणि शेजारच्या घरातली ट्यूब फडफडायला लागेल. भांडण त्यावरून होईल, आणि शेजाऱ्याचं म्हणणं बरोबर असेल.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. 'आमच्या वाडीत पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते आणि तुम्ही श्रीमंतांच्या गाड्यांना प्लग द्या म्हणता?' हा राग मला कळतो, कारण ती लाईट गेल्यावर फोन मलाच येतात. वाडीतला जुना ट्रान्सफॉर्मर बदलणं आणि पार्किंगमध्ये प्लग देणं यातलं एकच करता येणार असेल, तर आधी ट्रान्सफॉर्मर. माझी त्यात काही तक्रार नाही. पण हे पॉइंट फक्त कॅरॅव्हॅनचे नाहीत. जत्रेला आणि आठवडी बाजाराला आपलेच लोक वडापावची गाडी, उसाचा चरखा, आइस्क्रीमचा फ्रिज लावतात. त्यांची लाईट कुठून येते, मी सांगायची गरज नाही. बांबूला वायर गुंडाळून तारेवर टाकलेला आकडा. त्यात आपलाच पोरगा चिकटतो. सार्वजनिक मैदानात आठ-दहा नीट पॉइंट असले तर वर्षभर ते गावाच्याच कामाला येतील. कॅरॅव्हॅन हे निमित्त.

तर मागण्या अशा.

ग्रामपंचायतीने मुक्कामाची एक जागा ठरवावी. भरतीच्या रेषेपासून लांब, पाणी तुंबणार नाही अशी. तिथे मीटरचे पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. करंट गळायला लागला की क्षणात सप्लाय तोडणारी ही वस्तू आहे, आणि ती माणसाला वाचवते. नुसता एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. हा फरक ग्रामसेवकांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना माहीत पाहिजे. सीझन सुरू होण्याआधी लायसन्सधारकाकडून अर्थिंग मोजून घ्यावं आणि तारखेसह पेटीवर लिहावं. मला काम मिळावं म्हणून लिहितोय असं वाटत असेल तर दुसऱ्या कुणाकडूनही करून घ्या. पण करा.

रिसॉर्ट आणि वाडीवाल्यांनी व्हरांड्यातल्या बोर्डावरून गाड्यांना लाईट देणं आजपासून बंद करावं. नीट पॉइंट नसेल तर 'नाही' म्हणावं. पाहुणा नाराज झालेला परवडतो.

गाडीवाल्यांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. जोडताना आधी गाडीतली सगळी बटणं बंद, मग प्लग, मग एक-एक वस्तू. आणि आपल्या गाडीतही आरसीसीबी आहे ना, हे भाड्याने घेतानाच विचारायचं. त्यावरचं 'टेस्ट' बटण दाबून बघा. पडला तर ठीक. पडला नाही तर त्या गाडीत शेगडी लावू नका, मग भाडं कितीही भरलेलं असो.

आपण गावात पाहुणा आला की आधी पाणी विचारतो. आता येणारा पाहुणा पाण्याबरोबर लाईटही विचारणार आहे. ती द्यायची तर नीट देऊ या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. आपापल्या गावच्या ग्रामसभेत तुम्हीही द्या. आणि ज्यांच्या अंगणात सध्या अशा गाड्या थांबतात, त्यांनी निदान एवढं करा : आज संध्याकाळी बाहेरच्या बोर्डाचं झाकण उघडून बघायला एखादा वायरमन बोलवा. तिसरी वायर जोडलेली आहे की लोंबकळते आहे, ते बघायला त्याला दोन मिनिटंही लागणार नाहीत.